पागनीसांची शैला आणि विमानांचं तेल

ताई,

पेपरात तुझं आडनाव चुकलं. 'शैलजा पाग्निस' असं छापलंय. हिंदी पेपर, त्यांच्या हाती आपलं आडनाव कधी सरळ गेलंच नाही. बाबा गेले तेव्हा 'पगनीस' झालं होतं. तू असतीस तर हसून म्हणाली असतीस, "बरं झालं, म्हणजे कुणीतरी दुसरीच गेली." मी बातमी वाचली आणि हे वाक्य तुझ्या आवाजात ऐकू आलं. पेपर घडी करून ठेवून दिला. आमचे श्री म्हणाले, "दुरुस्ती छापायला सांगू का?" मी म्हटलं, राहू द्या.

आडनावाखाली तुझं सगळं आहे. पदव्या, परदेशातल्या समित्या, 'विमानांच्या पर्यावरणपूरक इंधनासाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञ'. ते बरोबरच आहे, म्हणून मी ते पुन्हा लिहीत नाही. तुझी ओळख तूच जास्त चांगली करून द्यायचीस. "आमच्या पणजोबांकडे होळकरांच्या पागेतल्या घोड्यांची दाणावैरण होती. माझ्याकडे विमानांची आहे. खानदानी धंदा." कॅनडातल्या बैठकीतसुद्धा तू हे सांगायचीस आणि मग पागा म्हणजे काय, होळकर कोण, हे समजावता समजावता चहाची सुट्टी संपून जायची.

नोकरीची सगळी वर्षं बाहेर काढून तू इंदूरला परत आलीस आणि आमच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला लागलीस, तेव्हा मला वाटलं, आता ताई आराम करेल. भाजी निवडेल, दुपारी झोपेल, संध्याकाळी सराफ्यात चाट खायला जाऊ. चौथ्या-पाचव्या दिवशीच तू पोलोग्राउंडला आमच्या नमकीनच्या कारखान्यात हजर. हातात पेनासारखं एक यंत्र, तेल किती जळलंय ते सांगणारं. विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस, सेव तळायच्या कढईत ते बुडवलंस. आमचा हेडकारागीर रमेश झारा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "क्या दीदी, कढाई को थर्मामीटर? बुखार है क्या इसको?"

"है," तू आकडा बघत म्हणालीस. "थोड़ा है."

रमेश दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या कढईचा अपमान झाला होता. मग तिसऱ्या दिवशी तोच तुला म्हणाला, "दीदी, आज देखो, आज ठीक है क्या?" पुढे तो रोज विचारायचा. तुला लोकांना आपलंसं करायला काही करावं लागायचं नाही, याचा मला लहानपणापासून राग होता. अजून आहे.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं होतं, "माझ्या कढईतल्या काळ्या तेलाशी तुला काय करायचंय?" तू पोळीचा तुकडा तसाच हातात धरून सांगायला लागलीस. तळून तळून तेल जळतं, मग ते खाण्याजोगं राहत नाही. कुणी नाल्यात ओततं, कुणी गुपचूप गाडीवाल्याला विकतं आणि तो त्यातच समोसे तळतो. तेच तेल गोळा केलं, स्वच्छ केलं, त्यावर प्रक्रिया केली, तर विमानाचं इंधन होतं. जमिनीतून नवं तेल उपसायला नको. विमान धूर सोडतंच, पण हिशेब केला तर पुष्कळ कमी. मोटारीला बॅटरी लावता येते, एवढ्या मोठ्या विमानाला बॅटरी लावून समुद्र ओलांडता येत नाही. म्हणून सगळे देश एकत्र बसून ठरवतायत, कुठलं इंधन खरं चांगलं, कुठलं नुसतं नावाला.

"आणि ते ठरवायला तू विमानाने जातेस," मी म्हटलं.

"जाते."

"मग लोकांनी उडणंच कमी करावं, हे का नाही सांगत?"

"तेही सांगते. कोणी ऐकत नाही. तुझी नणंद अमेरिकेला जायची थांबणार आहे का?"

हे आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि कधी संपलं नाही. मी म्हणायचे, चांगलं इंधन मिळालं की लोक जास्तच उडतील, मनाची टोचणी गेली म्हणून. तू म्हणायचीस, टोचणीवर जग चालत असतं तर काय पाहिजे होतं. मी म्हणायचे, मग माळव्यात सोयाबीन ढिगाने पडलंय, त्याच्याच तेलाचं करा. यावर मात्र तू चिडायचीस. "मंजू, खायचं तेल आधी ताटात. जमीन माणसांसाठी आहे." याच मुद्द्यावर ब्राझीलची कोण ती टेरेझा, तिच्याशी तू बैठकीत दिवसभर भांडायचीस. ती म्हणायची, आमच्याकडे जमीन भरपूर, पिकातून इंधन करू द्या. तू नाही म्हणायचीस. आणि संध्याकाळी तिच्याच बरोबर जेवायला जायचीस. मला ते कळायचं नाही. मी ज्याच्याशी भांडते, त्याच्या घरचा चहा मला गोड लागत नाही.

एका गोष्टीत मात्र तू आणि टेरेझा एकीकडे असायच्या. ज्यांनी शंभर वर्षं आकाश वापरलं त्यांनी आधी खर्च उचलावा, असं तुम्ही दोघी म्हणायच्या. तू म्हणायचीस, "माझ्या इंदूरच्या अर्ध्या लोकांनी विमान आतून बघितलं नाही आणि नियम सगळ्यांना सारखा?" ते ऐकताना मला तुझा अभिमान वाटायचा. कधी सांगितलं नाही. बहिणीला असं कोण सांगतं!

मग तुझा प्रकल्प उभा राहिला. दोन-तीन देशांची मदत, आपल्या सरकारची परवानगी आणि पोलोग्राउंडमध्ये आमच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड. ई-रिक्षा सकाळी निघायच्या, हलवाई, हॉटेलं, होस्टेलच्या मेस, आमच्यासारखे नमकीनवाले, सगळ्यांकडून जळकं तेल डब्यांत भरून आणायच्या. शेडमध्ये प्रत्येक खेपेची तपासणी, मग मोठ्या टाकीत, तिथून टँकर समुद्रकाठच्या रिफायनरीकडे. पहिला टँकर निघाला तेव्हा तू नारळ फोडायला मला पुढे केलंस. ड्रायव्हरला हार घातला. कचोरीवाले, सेववाले, सगळे उभे होते. रमेश टँकरकडे बघून म्हणाला, "भिया, अपनी कढाई का माल आसमान में जाएगा!" त्या दिवशी तू रडलीस. डोळ्यांत तेलाची वाफ गेली म्हणालीस. शेडमध्ये कुठली आलीय वाफ!

गोळा होणारं तेल वाढत गेलं. बाहेरच्या पाहुण्यांच्या गाड्या शेडपाशी थांबायला लागल्या. मोठ्या बैठकीत इंदूरचं उदाहरण सगळ्या देशांपुढे ठेवायचं ठरलं. बोलायचं तूच. तू नव्या दोन साड्या घेतल्यास आणि मला विचारलंस, निळी की करडी? मी निळी सांगितली. तू करडी नेलीस.

पण त्याआधी ते झालं.

दुपारची वेळ होती. तू मला फोन करून म्हणालीस, "मंजू, जरा शेडवर ये." मी गेले. तू टाकीजवळ एका डब्यासमोर पाटावर बसली होतीस. यंत्र बाजूला पडलं होतं. "वास घे," म्हणालीस. मी वाकून वास घेतला. काहीच वास आला नाही. "आता तुझ्या कारखान्याच्या तेलाचा घे." त्याला मिरचीचा, बेसनाचा, ओव्याचा वास होता. वर्षानुवर्षं अंगाला लागलेला आपला वास.

"हे कढईत गेलंच नाहीये," तू म्हणालीस. "पामतेल आहे. एकदा तापवलंय, रंगासाठी थोडं जळकं घातलंय. यंत्रही तेच सांगतंय. आणि एकच डबा नाही. मागच्या कित्येक खेपा आहेत अशा."

मला पटकन समजलंच नाही. चांगलं तेल कोण जळकं म्हणून देईल? तेव्हा तू सांगितलंस. विमानांसाठी जळक्या तेलाला मागणी एवढी वाढली की जळकं तेल नव्यापेक्षा महाग झालं. म्हणून नवं तेल जळकं म्हणून विकणं फायद्याचं. आणि हे पामतेल जिथून येतं तिथे कुठे कुठे जंगल तोडून लागवड केलीय. "म्हणजे मंजू, धूर कमी करायला निघालो आणि जंगल जाळून बसलो. आणि वर प्रमाणपत्र." तू हे सांगताना आवाज चढवला नाहीस. पदराने हात पुसत राहिलीस. हात कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी सियागंजला गेलो. हातगाड्या, हम्माल, पोती, मध्ये गाय. ज्या व्यापाऱ्याकडून या खेपा यायच्या, त्या नवीनचं दुकान गल्लीत आत होतं. त्याच्या वडिलांकडून आपले बाबा किराणा आणायचे, त्यामुळे त्याने आपल्याला गादीवर बसवलं, थंडाई मागवली. तू थंडाईला हात लावला नाहीस.

"नवीन, तेल ताजा है," तू म्हणालीस.

त्याने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, "दीदी, मैंने तो नियम पढ़ा है. नियम में लिखा है यूज़्ड. एक बार गरम किया तो यूज़्ड हो गया ना?"

"किसके लिए गरम किया?"

"दीदी..." तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. "पूरे देश में हो रहा है. बाहर के मुल्कों में भी हो रहा है. मैं अकेला हूँ क्या? आपके साहब लोग कागज देखते हैं, कागज मेरा पक्का है."

"मालूम है," तू म्हणालीस. "इसीलिए मैं बैठक में बताने वाली हूँ. तुम्हारा नाम वहाँ नहीं लूँगी, क्योंकि गलती अकेले तुम्हारी नहीं है. भाव ही हमने ऐसा बना दिया. पर यहाँ के सरकारी दफ्तर में तुम खुद जाके बोलोगे. और आज से बंद."

त्याने हात जोडले. "दीदी, प्रोजेक्ट बंद हो जाएगा आपका. मेरा क्या, मैं तो शक्कर बेच लूँगा."

आपण गल्लीतून बाहेर आलो. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "तो खरं बोलला. प्रकल्प बंद होईल."

मग फोन सुरू झाले. दिल्लीहून, बाहेरून. कोणी तुला खोटं बोल म्हणालं नाही. सगळे म्हणाले, आधी आतल्या आत दुरुस्त करू, बैठकीत आत्ताच नको, बाकीच्या देशांना अंग काढून घ्यायला आयतं निमित्त मिळेल, सगळा विषयच मागे पडेल. त्यांचंही अगदी चूक होतं असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तुला विमानतळावर सोडायला मीच आले होते. बिजासनच्या टेकडीखालून गाडी जात होती. लहानपणी बाबा आपल्याला तिथे जत्रेला आणायचे आणि तू देवीकडे पाठ करून विमानांकडे बघत उभी राहायचीस, तीच टेकडी. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "ताई, नको बोलूस."

"का?"

"शेडवर किती माणसं आहेत तुला माहितीय. ई-रिक्षावाल्या बायका आहेत. त्यांना पहिल्यांदा नीट काम मिळालं. तू तिकडे खरं बोलून येशील, टाळ्या वाजतील. इकडे शेडला कुलूप लागेल. जगभर सगळे करतायत म्हणतो ना नवीन? तुझ्या एकटीच्या बोलण्यानं एक तरी विमान कमी धूर सोडणार आहे का?"

तू बाहेर बघत होतीस. "टाळ्या नाही वाजणार," म्हणालीस.

"मग कशाला?"

"मंजू, आम्ही तिथे बसून जगाला सांगतोय की हे इंधन स्वच्छ आहे. लोक त्यावर विश्वास ठेवून तिकीट काढतात. मला माहीत असून मी गप्प बसले, तर नवीन आणि मी यात फरक काय? त्याने निदान थंडाई तरी मागवली."

मला त्या थंडाईवर हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी गाडी सुरू केली. तू उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी 'नीट जा' म्हणाले, त्यापलीकडे काही नाही.

आणि तसंच झालं. तू परत आलीस आणि पंधरवड्यात चौकशीची माणसं आली. नवीनने सरकारी कचेरीत जाऊन सगळं सांगितलं, हे मान्य करायला हवं. शेडला कुलूप लागलं. ई-रिक्षा उन्हात उभ्या राहिल्या. दोन बायकांना मी कारखान्यात पॅकिंगला घेतलं, बाकीच्यांना तू ओळखी काढून काढून कुठे कुठे लावून दिलंस, दिवसच्या दिवस त्यासाठी हिंडलीस. बाजारात काही लोक तुझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागले. बैठकीत काय झालं हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, मी विचारलं तर तुला वाटेल मी हिशेब मागतेय. तूही सांगितलं नाहीस. तुला काय वाटायचं, कोण जाणे. आपण दोघी रोज एकत्र जेवायचो आणि भाज्यांविषयी बोलायचो.

मग पोटात दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून तू महिने काढलेस. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलायला लागले आणि तुझ्याशी कमी. तू त्यांना म्हणालीस, "मला इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा, पण मला सांगा." त्यांनी सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "चल, पोहे खाऊ. नंतर बंद होतील."

शेवटच्या दिवसांतली ती एक दुपार मला सोडत नाही. तू म्हणालीस, मला कारखान्यात ने. श्री नको म्हणत होते. मी नेलं. रमेशने खुर्ची आणून कढयांपासून लांब, दारापाशी ठेवली. तुझ्या पायांवर शाल घातली. कढईत लवंगेच्या वासाची लौंग सेव पडत होती. तू डोळे मिटून वास घेत बसलीस. रमेशने विचारलं, "दीदी, बुखार देखना है क्या कढाई का?" तू हसलीस, मान हलवलीस, नको. नंतर माझा हात धरून म्हणालीस, "मंजू, त्या दिवशी बैठकीत ना..."

तुला धाप लागली होती. मी म्हटलं, "आत्ता बोलू नकोस. दम लागेल. घरी गेल्यावर सांग."

घरी गेल्यावर तू झोपलीस. उठलीस तेव्हा तुला ताप होता. मग दवाखाना. मग तोंडावरचा तो मास्क. नंतर बोलणं झालंच नाही आपलं, ताई. पाणी हवंय का, कूस बदलायची का, एवढंच. मी त्या दुपारी चुकले असं मला कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. तुला खरंच धाप लागली होती. पण ते अर्धं वाक्य माझ्याकडे राहिलंय आणि मी त्याला घेऊन घरभर फिरते.

तू गेल्यावर सातव्या-आठव्या दिवशी टेरेझाचा फोन आला. तिचं इंग्रजी सावकाश, माझं मोडकं, त्यामुळे जमलं. आधी आम्ही दोघी नुसत्याच रडलो, त्याला भाषा लागली नाही. मग मी तिला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं?

तिने सांगितलं. तू करडी साडी नेसून उभी राहिलीस. आधी इंदूरच्या शेडविषयी बोललीस, ई-रिक्षांविषयी, हलवायांविषयी. सगळे खूश होऊन ऐकत होते. मग म्हणालीस, आता मला सांगायचंय की आमच्या टाकीत काय सापडलं. आणि सगळं सांगितलंस. शेवटी एवढंच मागितलंस की कागद तपासून भागणार नाही, तेल जिथे पहिल्यांदा डब्यात भरलं जातं तिथेच तपासा, आणि त्याचा खर्च ज्यांना इंधन हवंय त्यांनी द्यावा, गोळा करणाऱ्या गरिबांनी नव्हे. टाळ्या वाजल्या नाहीत. तुझंच खरं झालं. तू खाली बसलीस. शेजारी टेरेझा बसली होती, जिच्याशी तू वर्षानुवर्षं भांडलीस. तिने पाहिलं तर तुझे पाय थरथरत होते.

"तिने मला विचारलं," टेरेझा म्हणाली, "माझी बहीण मला माफ करेल ना?"

टेरेझा पुढे सांगत होती, की चहानंतर एका छोट्या देशाचा माणूस उठला आणि म्हणाला, आमच्याकडेही हेच होतंय. मग आणखी एक. बैठकीचा रंगच बदलला. आता त्या तपासणीचा नियम मसुद्यात आलाय, खर्चाचं अजून भांडण चाललंय. मसुद्यावर कोणाचं नाव नसतं, ती म्हणाली, पण आम्हाला माहीत आहे ते वाक्य कोणाचं. हे सगळं मला कळत होतं आणि कळत नव्हतं. मी एकच ऐकत होते. माफ करेल ना.

अगं ताई, माफ कशाबद्दल? मी तुझ्यावर चिडले होते, अजूनही थोडी चिडलेली आहे. बायकांची कामं गेली ते मला आजही खुपतं. तुझं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. पण म्हणून तू परदेशात, सगळ्या देशांच्या लोकांमध्ये बसून माझा विचार करावास? पाय थरथरत असताना? मी तिथे असते तर तुझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले असते. तुझं म्हणणं न पटताही बसले असते. हे तुला माहीत नव्हतं का? की मी कधी सांगितलंच नाही म्हणून माहीत नव्हतं?

मागच्या आठवड्यात प्रकल्पाचा तरुण इंजिनिअर आला. येऊ घातलेल्या नियमानं, छोट्या प्रमाणावर, पुन्हा सुरू करायचंय म्हणाला. जुनी शेड गेली, तुमच्या अंगणात तपासणी चालेल का? आणि तपासायला तुम्ही बसाल का, दीदींनी तुम्हाला यंत्र शिकवलं होतं म्हणे. श्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसेन. काम मागायला जुन्या ई-रिक्षावाल्यांपैकी तिघी आल्यात, बाकीच्यांना निरोप धाडलेत.

आज सकाळी पहिल्यांदा डबे आले. मल्हारगंजातले कचोरीवाले कैलाशजी स्वतः घेऊन आले. तुझ्या तेराव्याला पंगतीत वाढायला उभे होते, तुला ठाऊक आहेत. मी यंत्र बुडवलं, आकडा बघितला. पुसून पुन्हा बुडवला. मग वास घेतला. कैलाशजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कैलाशजी, ये डब्बा नहीं ले सकती."

"भाभी, एक ही तो है. मिल गया होगा थोड़ा ताजा, लड़कों ने डाल दिया होगा. चला लो ना. अपने घर की बात है."

"नहीं चलेगा."

अंगणात चार माणसं उभी होती. कैलाशजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी डबा उचलला, रिक्षात ठेवला. मी यंत्र पुसून ठेवलं, ताई. चाळीस वर्षांची घरोब्याची माणसं. मला वाटलं आता हे गेले, पुन्हा दारात यायचे नाहीत.

रिक्षात बसता बसता ते थांबले. परत आले. म्हणाले, "दीदी ने भी एक बार लौटाया था मेरा डब्बा. मैंने दुकान पे सबके सामने उनको खूब उल्टा-सीधा बोला. उन्होंने कुछ नहीं कहा. दूसरे दिन सवेरे-सवेरे आके बाहर पटिये पे बैठ गईं. बोलीं, कैलाश, कचोरी दे, चटनी ज्यादा." त्यांनी रिक्षातल्या डब्याकडे बघितलं. "मैंने दी. क्या करता? डब्बा लेना नहीं, पर कचोरी खाना है... आप आओगी?"

"आऊँगी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गेले.

तर उद्या सकाळी जायचं आहे. श्री येतो म्हणाले, मी नको म्हटलं. पटिया, दुकानापुढची ती बसायची फळी, अरुंद आहे, बाजारातली सगळी ओळखीची माणसं तिथेच असतात, आणि मला तुझ्यासारखं चारचौघांत मोकळं बसता येत नाही. पण मी बसेन. कचोरी मागेन. त्यांनी नीट बोलावं म्हणून नाही, तर ते नीट बोलले नाहीत तरी मला तिथे बसता येतं का, ते बघायला.